चेहरा ही कृती आहे काय?

१

‘सेल्फी’ हा शब्द ऑक्सफर्ड कोशाच्या संपादकांनी २०१३ साली त्या वर्षाचा शब्द म्हणून निवडला, तेव्हा त्याचा आढळलेला सर्वांत जुना उपयोगही त्यांनी नमूद केला होता. तो सप्टेंबर २००२ मधील, ऑस्ट्रेलियातील एका ऑनलाइन चर्चासमूहातला आहे. पडून फाटलेल्या आणि टाके घातलेल्या आपल्या ओठाचे छायाचित्र एका तरुणाने समूहापुढे ठेवले, टाक्यांविषयी सल्ला विचारला आणि चित्र नीट आले नाही याबद्दल दिलगिरी व्यक्त करताना, ते आपले आपणच काढले असल्याचे सांगण्यासाठी हा शब्द योजला. आपण सुंदर दिसतो की नाही, हा प्रश्न त्याने विचारलेला नव्हता. त्याने जखम दाखविली होती आणि जखमेविषयीच विचारले होते.

पुढील दोन दशकांत या कृत्याचा प्रधान अर्थ पालटला. आपले छायाचित्र अनोळखी वा अर्धपरिचित समूहापुढे ठेवणे म्हणजे, उच्चारून अथवा न उच्चारता, ‘मी कशी दिसते?’ वा ‘मी कसा दिसतो?’ असे विचारणे होय, हे आता गृहीत धरले जाते. या प्रथेचा विचार बहुधा आत्मरतीचे निदान करून संपविला जातो. हे निदान सोयीचे आहे, कारण त्यामुळे सगळा दोष चित्र ठेवणाऱ्याच्या पदरी पडतो आणि उत्तर देणारा नामानिराळा राहतो. प्रस्तुत निबंधात दृष्टी दुसऱ्या टोकाकडे वळवावयाची आहे. समोर आलेल्या चेहऱ्याविषयी बोलण्याचा अधिकार आपणांस कोठून मिळतो, आणि त्या अधिकाराचे स्वरूप काय, हा येथील प्रश्न आहे. साहित्यसमीक्षेच्या नियतकालिकात तो उपस्थित करण्याचे कारण असे, की उत्तर देणारा कळत नकळत समीक्षकाचीच भाषा वापरीत असतो. ‘रचना चांगली आहे’, ‘प्रकाश जमला आहे’, ‘भाव कृत्रिम वाटतो’, ‘मागच्यापेक्षा हे सरस’ ही वाक्ये चेहऱ्यांखाली लिहिली जातात. समीक्षेची परिभाषा उसनी घेताना तिच्यामागील अटीही सोबत घेतल्या जातात काय, हे पाहावयास हवे.

२

प्रथम या कृत्याचे स्वरूप. छायाचित्र एकटे क्वचितच बोलते. त्याच्यासोबत एक वाक्य असते आणि त्या दोहोंनी मिळून एक उक्ती सिद्ध होते. याचे एक अतिशय बोलके उदाहरण छायाचित्रणाच्या आरंभकाळातच सापडते. इपोलित बायार या फ्रेंच गृहस्थाने कागदावर थेट छायाचित्र उमटविण्याची पद्धती शोधून काढली होती; परंतु १८३९ मध्ये शासनाचा गौरव आणि आर्थिक लाभ दागेर यांच्या वाट्याला गेला. १८४० मध्ये बायार याने स्वतःचेच, बुडून मेलेल्या माणसाच्या वेषातील, छायाचित्र घेतले. त्याच्या पाठीमागे त्याने मजकूर लिहिला: हे प्रेत बायार याचे आहे, शासनाने त्याच्यासाठी काही केले नाही, म्हणून त्या अभाग्याने जीव दिला, आणि पाहणाऱ्यांनी पुढे सरकावे हे बरे, कारण त्याचा चेहरा आणि हात कुजू लागले आहेत. प्रत्यक्षात बायार १८८७ पर्यंत जगला.

येथे छायाचित्राचे विधान असत्य आहे, मजकुराचे विधानही असत्य आहे. पण दोहोंची मिळून झालेली मागणी मात्र संपूर्णपणे खरी आहे. आपल्या दिसण्याविषयी तो बोलतो. परंतु त्यास हवी असते ती आपल्या असण्याची दखल. जे. एल. ऑस्टिन यांच्या मांडणीचा आधार घ्यावयाचा, तर वाक्याचे रूप आणि त्या वाक्याने केले जाणारे कृत्य यांत अंतर असते. रूपाने जे विधान वा प्रश्न असते, ते कृत्याने याचना, निमंत्रण किंवा तक्रार असू शकते. ‘कशी दिसते?’ हा प्रश्न आरशासमोर उभी राहून बहिणीला विचारलेला असतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘पदर नीट आहे ना?’ इतकाच असू शकतो, आणि बहीण नेमके त्याचेच उत्तर देते. परस्परांचा पूर्वेतिहास तेथे अर्थाला सीमा घालतो. तोच प्रश्न दोन हजार माणसांपुढे ठेवला, की सीमा नाहीशी होते. उत्तर देणाऱ्याजवळ शब्दांचा शब्दशः अर्थ तेवढा उरतो, आणि तो शब्दशः अर्थ निवाडा मागतो.

३

आता समीक्षकाच्या अधिकाराकडे वळू. एखाद्या कवितेस आपण निःसंकोचपणे फसलेली कविता म्हणतो. हा संकोच कोणत्या आधारावर सोडला जातो? कृती ही तिच्या कर्त्यापासून वेगळी करता येते, या आधारावर. विम्सट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये कर्त्याच्या हेतूला मूल्यमापनाच्या कक्षेबाहेर काढले. बार्थ यांनी साठीच्या दशकाच्या अखेरीस लेखकाचा मृत्यू घोषित केला. या दोन भूमिकांत तपशिलाचे आणि प्रवृत्तीचे कितीही भेद असले, तरी समीक्षेला त्यांनी एकच सोय करून दिली: कृतीवर केलेला आघात माणसावर केलेला आघात नव्हे. आपल्याकडील साहित्यशास्त्राने हीच गोष्ट रसिकाच्या बाजूने सांगितली होती. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने आपल्या पद्धतीने पुढे नेलेल्या साधारणीकरणाच्या कल्पनेनुसार, रसास्वादाच्या क्षणी शकुंतला ही अमुक काळातील, अमुक कुळातील विशिष्ट स्त्री राहत नाही. ती माझी कोणी नाही, परक्याची कोणी नाही, शत्रूची कोणी नाही. या संबंधमुक्तीमुळेच तिचे दुःखही आस्वाद्य होते.

समूहापुढे ठेवलेल्या छायाचित्राचे असे साधारणीकरण होते काय? होते, असे म्हणणाऱ्याचा पक्ष दुबळा नाही. हे छायाचित्र म्हणजे आरशातले सहज प्रतिबिंब नव्हे. ते चाळीस प्रयत्नांतून निवडलेले असते; चौकट ठरविलेली असते; फिल्टर लावून त्वचा नितळ आणि डोळे मोठे केलेले असतात. निवड, संस्कार, मांडणी आणि प्रकाशन ही निर्मितीची सर्व लक्षणे येथे उपस्थित आहेत. ज्याने कृती म्हणून काही मांडले, त्याने कृती म्हणून होणारी समीक्षा सोसली पाहिजे. नपेक्षा मांडू नये, असा हा युक्तिवाद आहे.

या युक्तिवादातील पहिली पायरी मान्य करण्याजोगी आहे, दुसरी नाही. चौकटीविषयी, प्रकाशाविषयी, पार्श्वभूमीविषयी जे म्हटले जाते ते कृतीला लागते, आणि ते म्हणण्यास कोणाची हरकत नसावी. परंतु नाकाविषयी, रंगाविषयी, जबड्याविषयी जे म्हटले जाते ते कृतीत थांबत नाही. कवी फसलेली कविता मागे टाकून दुसरी लिहू शकतो. छायाचित्र काढून टाकल्यावर मात्र ते नाक त्याच माणसाबरोबर घरी राहते. दुष्यंताची शकुंतला सकाळी उठून आपल्याविषयीचे अभिप्राय वाचीत नाही. ही मुलगी वाचते. येथे साधारणीकरणाची प्रक्रिया बिघडलेली नाही. ती घडून येण्याची अटच येथे अस्तित्वात नाही.

ज्या तत्त्वचिंतकाच्या नावाने शुद्ध सौंदर्यविधानाची बाजू सामान्यतः मांडली जाते, त्या कांटनेच ही अडचण ओळखली होती, हे लक्षणीय आहे. १७९० सालच्या आपल्या तिसऱ्या मीमांसेत त्याने स्वायत्त आणि परायत्त सौंदर्य असा भेद केला. फुलाचे सौंदर्य स्वायत्त. फूल कशासाठी आहे, ते काय असावयास हवे, याची कल्पना बाळगल्याविना आपण त्यास सुंदर म्हणतो. माणसाचे सौंदर्य मात्र त्याने परायत्तात घातले. माणूस म्हणजे काय ही कल्पना त्या विधानातून वगळता येत नाही. गोंदणाच्या रेषा आकृती म्हणून मोहक असतील, पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर आहेत हे विसरून त्यांचे मूल्यमापन करता येत नाही, या आशयाचे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्या उदाहरणातील परक्या समाजाविषयीचा तुच्छताभाव आज खटकेल. तात्त्विक मुद्दा मात्र टिकतो. चेहऱ्याकडे फुलाकडे पाहावे तसे पाहिले, तर आपण काय पाहतो आहोत हेच आपणांस कळलेले नसते.

४

येथे निवाडा देणारा एक वेगळा बचाव पुढे करतो. ‘मी टीका केली नाही, आस्वादही घेतला नाही, विचारले म्हणून खरे ते सांगितले.’ सत्यकथनाचा हा बचाव नैतिकदृष्ट्या भारदस्त वाटतो. म्हणून त्याची तपासणी ज्ञानाच्या अंगाने करावयास हवी: सांगितले ते खरोखर सत्य असते काय?

बार्थ यांनी १९८० मधील आपल्या छायाचित्रविषयक ग्रंथात म्हटले आहे, की कॅमेऱ्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसात चार प्रतिमा एकवटतात: मी स्वतःला जो समजतो तो, इतरांनी मला जो समजावे असे मला वाटते तो, छायाचित्रकार मला जो समजतो तो, आणि आपली कला दाखविण्यासाठी तो ज्याचा उपयोग करतो तो. स्वयंछायाचित्रात छायाचित्रकार आणि विषय एकच होतात. त्यामुळे चारांच्या दोन प्रतिमा उरतील अशी अपेक्षा कोणी करील. प्रत्यक्षात गुंता वाढतो, कारण आपल्या चेहऱ्याविषयी सर्वांत कमी प्रत्यक्ष ज्ञान आपल्यालाच असते. आपण आयुष्यभर आरशातला, डावे-उजवे उलटलेला चेहरा पाहतो. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी मानसशास्त्रीय अभ्यासात असे आढळले, की माणसांना स्वतःच्या चेहऱ्याचे आरशातल्यासारखे उलटे चित्र अधिक पसंत पडते, तर त्यांच्या स्नेह्यांना न उलटलेले. म्हणजे ज्या चेहऱ्यावर माझी सवय बसली आहे, तो मी सोडून दुसऱ्या कोणाच्याच परिचयाचा नसतो. कॅमेऱ्याची भर निराळीच. २०१८ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय संशोधकांनी गणिती प्रारूपाने दाखवून दिले, की बारा इंचांवरून घेतलेल्या छायाचित्रात नाक पाच फुटांवरून घेतलेल्या छायाचित्राच्या मानाने जवळजवळ तीस टक्के अधिक रुंद भासते. हाताच्या लांबीवर धरलेला फोन हा तटस्थ साक्षीदार नव्हे.

तेव्हा ‘तुझे नाक मोठे आहे’ असे छायाचित्र पाहून सांगणारा माणूस सत्य सांगत नसतो. अंतर, भिंग, फिल्टर आणि स्वतःची नजर या चौघांचा संयुक्त परिणाम तो एका माणसाच्या नावावर जमा करीत असतो. मराठीचे व्याकरण त्याला यात साहाय्य करते, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. ‘मला चंद्र दिसतो’ या वाक्यात पाहणारा चतुर्थीत का होईना, हजर असतो. ‘ती मला सुंदर वाटते’ यातही तो आहे. ‘ती सुंदर दिसते’ या वाक्यातून मात्र तो निघून जातो. ‘दिसणे’ हे जणू तिचेच कर्तृत्व, पाहणाऱ्याचा त्यात वाटा नाही, अशी वाक्याची ठेवण आहे. निवाडा राहतो आणि न्यायाधीश अदृश्य होतो. ‘वाटते’ म्हणणाऱ्याला ‘तुला का वाटते?’ असे विचारता येते. ‘दिसते’ म्हणणाऱ्याला ते तितक्या सहजपणे विचारता येत नाही.

५

मग प्रशंसा तरी निरुपद्रवी मानावी काय? निंदा टाळून केवळ कौतुक करावे, हा सौजन्याचा मार्ग अनेक समूहांनी नियम म्हणून स्वीकारलेला आहे. त्यामागील सद्भाव नाकारण्याचे कारण नाही. परंतु आपल्या समाजाला कौतुकाचीही भीती वाटत आली आहे. देखण्या बाळाच्या गालावर तीट लावली जाते. चारचौघांत फार वाखाणले गेलेल्या मुलीची संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली जाते. त्यामागची अद्‌भुत कार्यकारणाची समजूत आपण टाकून दिली, हे योग्यच झाले. मात्र त्या समजुतीच्या तळाशी एक निरीक्षण होते: पाहणे ही निर्विकार क्रिया नाही, स्तुतीदेखील माणसावर काही ठेवून जाते, आणि ते उतरवून टाकण्यासाठी कोणा जवळच्या माणसाने हात फिरवावा लागतो. ऑनलाइन समूहात नजर लागण्याची व्यवस्था अहोरात्र सुरू आहे. ती उतरविणारे माणूस तेथे नेमलेले नाही.

शिवाय तेथील प्रशंसा शब्दांत राहत नाही. तिची मोजणी होते. २००० साली अमेरिकेत निघालेल्या ‘हॉट ऑर नॉट’ या संकेतस्थळाने अनोळखी चेहऱ्यांना एक ते दहा गुण देण्याची सोय केली. २००३ मध्ये हार्वर्डमधील ‘फेसमॅश’ने विद्यार्थ्यांची छायाचित्रे त्यांच्या संमतीवाचून जोडीजोडीने मांडून दोहोंतले सरस कोणते, हे विचारले, ते काही दिवसांतच बंद करावे लागले. २००९ मध्ये फेसबुकवर ‘लाइक’ची कळ आली. पहिल्या दोन प्रकारांतला उघड उर्मटपणा या तिसऱ्यात नाही. दहापैकी तीन गुण येथे कोणी देत नाही. पण संख्या दिसू लागली की न मिळालेली प्रशंसाही दिसू लागते. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमानंतरचे ‘नंतर कळवतो’ हे शब्द मराठी घरांना चांगले ठाऊक आहेत. त्यापुढच्या मौनाचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नसे. त्या बैठकीत मुलीला इतरांनी आणून बसविलेले असे. येथे ती आपणहून येते, हा भेद मोठा आहे आणि तो पुसून टाकू नये. तरीही मौनाचा अर्थ लावण्याचे काम दोन्ही ठिकाणी तिच्याच वाट्याला येते.

या मोजणीची किंमत २०२१ मध्ये काहीशी उघड झाली. फेसबुक कंपनीतून बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांत असे नमूद होते, की आपल्या शरीराविषयी वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटते, असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितले. या आकड्याचा लावला गेलेला अर्थ कंपनीने अमान्य केला, आणि एका पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हेही खरे. पण प्रश्न केवळ कार्यकारणाचा नाही. त्याच वर्षी ‘लाइक’ची संख्या लपविण्याचा पर्याय वापरणाऱ्यांना देण्यात आला. तराजू झाकता येतो, एवढे त्याने मान्य झाले. तराजू तेथे असावा की नाही, हा विचार झाला नाही.

६

येथवरच्या विवेचनावरून असा निष्कर्ष कोणी काढील, की आपले छायाचित्र समूहापुढे ठेवणे हेच मुळात अनिष्ट होय. तसे मला वाटत नाही, आणि याचे कारण त्या फाटलेल्या ओठाकडे परत गेल्यास सापडते. दिसण्याविषयीचे सगळे बोलणे निवाड्याचे नसते. कोड आलेली, भाजल्याच्या खुणा असलेली, उपचारांमुळे केस गेलेली माणसे आपापल्या समूहांत छायाचित्रे ठेवतात, तेव्हा तेथे वेगळीच भाषा ऐकू येते. हा डाग केव्हापासून आहे, उन्हात चरचरतो काय, कपाळावरचा रंग परत येऊ लागला आहे, माझाही असाच होता. कोणी सुंदर म्हणत नाही असे नाही. पण त्या शब्दावर संभाषण तोललेले नसते. दिसणे येथे सांगितले जाते आणि ऐकले जाते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ (२००६) या चित्रपटात कोड असलेली तरुण डॉक्टर एका घरात पाहुणी म्हणून येते, आणि त्या घरातील प्रत्येक माणूस तिच्याकडे पाहताना स्वतःच उघडा पडत जातो. चित्रपट तिच्या चेहऱ्याविषयी निकाल देत नाही. पाहणाऱ्यांची ओळख करून देतो. ‘दिसते’मधून निसटलेला पाहणारा तेथे पुन्हा वाक्यात आणून बसविला जातो.

स्टॅन्ली कॅव्हेल यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात जाणणे आणि दखल घेणे यांत भेद केला आहे. दुसऱ्याला वेदना होत आहे हे मला ठाऊक आहे, एवढ्याने माझे काम संपत नाही; त्या वेदनेला मी उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर न देणे हेदेखील एक उत्तरच ठरते. आपल्या प्रश्नापुरते असे म्हणता येईल, की चेहरा समोर ठेवणारा माणूस ज्ञानाच्या भाषेत विचारतो आणि त्याला गरज असते दखलीची. निंदा आणि स्तुती ही दोन्ही उत्तरे त्याच्या शब्दांना दिली जातात. म्हणून ती परस्परविरुद्ध दिसत असूनही एकाच जातीची आहेत.

यावर एक कठीण आक्षेप येतो आणि तो टाळता येण्याजोगा नाही. ‘मी कुरूप आहे काय?’ असे एखादा सोळा वर्षांचा मुलगा स्पष्टपणे विचारतो. त्याला दखलीविषयीचे तत्त्वज्ञान नको आहे. होय वा नाही हवे आहे. ‘नाही’ म्हटल्यास तो विश्वास ठेवीत नाही आणि आणखी दहा जणांना विचारतो. ‘होय’ म्हणण्याचे क्रौर्य सांगावयास नको. निवाडा नाकारल्यास तो त्याचा अर्थ ‘होय’ असाच लावतो. या तिढ्यातून निर्दोष सुटका नाही. पण एक गोष्ट शक्य आहे: न्यायासनावर न बसताही तेथून उठून न जाणे. ‘या चित्रावरून मी हे ठरवू शकत नाही, आणि कोणीही ठरवू शकत नाही; पण आज हे विचारावेसे का वाटले, ते सांग’ असे म्हणणारा माणूस प्रश्न टाळत नाही. तो प्रश्नाखालचा प्रश्न ऐकतो. त्यासाठी वेळ द्यावा लागतो, आणि पुढच्या चित्राकडे सरकण्याची घाई असलेल्या ठिकाणी वेळ हीच दुर्मीळ वस्तू आहे.

विचारणाऱ्याचीही एक जबाबदारी येथे उरते. आपला चेहरा निवाड्यासाठी ठेवणारा माणूस इतरांना असा अधिकार बहाल करतो, जो त्यांच्यापाशी नव्हता आणि जो पेलण्याची त्यांची तयारीही नसते. एकदा दिलेला हा अधिकार मग ते इतरांच्या चेहऱ्यांवरही वापरू लागतात. त्यांत तेही चेहरे असतात, ज्यांनी काहीच विचारलेले नव्हते.

समीक्षेने आपल्या व्यवहारात आकलन, आस्वाद आणि मूल्यमापन असा क्रम मानला आहे. साहित्यकृतीच्या बाबतीत तिसऱ्या पायरीपर्यंत जाणे हे समीक्षकाचे कर्तव्य आहे; तेथे कचरणारा समीक्षक आपले काम अर्धे सोडतो. चेहऱ्याच्या बाबतीत पहिल्याच पायरीवर थांबावे लागते, आणि तेथे थांबण्यात अपुरेपणा नाही. २००२ सालच्या त्या तरुणाला समूहाकडून हवे होते ते टाक्यांविषयीचे चार शब्द. ते देण्यासाठी त्याच्या ओठाकडे नीट पाहावे लागले असेल. तो ओठ कसा आहे हे ठरविण्याची मात्र कोणाला गरज पडली नसेल.